चार मिलीचा हिशोब

आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणाशेजारी, औषधाची एक अर्धी बाटली पाच महिने उभी होती. फेब्रुवारीत थोरल्याच्या घशाला संसर्ग झाला, तेव्हाची ती होती. तळाशी पांढरा साका बसलेला, वर पिवळट पाणी, आणि लेबलवर पेनाने लिहिलेली तारीख केव्हाच पुसट झालेली. चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला, तो अंगणात क्रिकेट खेळू लागला आणि मी डॉक्टरांना न विचारता औषध थांबवले, म्हणून ती अर्धी उरली. उरल्यावर टाकवेनाही. एवढे महागाचे औषध, लागले तर असावे, असा तो गृहिणीचा विचार.

जुलैतल्या एका सोमवारी रात्री धाकटीला १०१.५ ताप चढला आणि ती उजवा कान धरून रडू लागली, तेव्हा सासूबाईंनी तीच बाटली काढून ओट्यावर ठेवली. "अगं, घरात आहे की औषध, पावसात कुठे घेऊन जातेस पोरीला?" त्यांचे म्हणणे काळजीपोटीच होते. मी बाटली हलवून पाहिली. साका हलला नाही. पाण्यात कालवलेले ते औषध फ्रिजमध्ये ठेवूनही जेमतेम सात दिवस टिकते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. केवळ त्या साक्याकडे पाहून मन धजले नाही, एवढेच. दुसरा उपाय लसूण घालून कडवलेल्या तेलाचे दोन थेंब कानात सोडण्याचा होता. तोही मी टाळला आणि हे माझे नशीबच, कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी तेच विचारले. कानाचा पडदा फाटलेला असेल तर वरून घातलेली कोणतीही गोष्ट थेट आत जाते, असे ते म्हणाले.

मंगळवारी बालरोगतज्ज्ञांनी तिला प्रथम वजनकाट्यावर उभे केले. चपला काढून १४ किलो भरले. मग दुर्बिणीने कान पाहिला. पडदा थोडा लाल होता, पण फुगलेला नव्हता. नाकही वाहत होते. "आज अँटिबायोटिक देत नाही," असे ते म्हणाले, तेव्हा खरे सांगायचे तर मी खट्टू झाले. कामावरून अर्धा दिवस रजा काढून, रिक्षा करून आलेल्या माणसाला चिठ्ठीवर नुसते पॅरासिटामॉल दिसले की आपल्याकडे नीट पाहिलेच नाही, असे वाटते. त्यांनी मात्र समजावून सांगितले. सर्दीमागचा विषाणू अँटिबायोटिकला जुमानत नाही, ते औषध फक्त जिवाणूंवर चालते. दोन वर्षांपुढच्या मुलात एकच कान दुखत असेल आणि ताप फार नसेल, तर दोन-तीन दिवस वाट पाहता येते आणि पुष्कळ मुले तेवढ्यात आपोआप बरी होतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉलचे दर ५ मिलीला २५० मिलीग्रॅमचे सिरप ४ मिली, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, चोवीस तासांत चार वेळांहून अधिक नाही. ताप १०२ च्या वर गेला, कानातून पू आला, मूल मलूल झाले किंवा ४८ तासांत उतार पडला नाही, तर परत यायचे.

उतार पडला नाही. गुरुवारी संध्याकाळी ताप १०२.४ होता आणि या वेळी पडदा लालभडक होऊन बाहेर फुगलेला दिसला. डॉक्टरांनी लिहून देण्याआधी दोन प्रश्न विचारले. पहिला, हिला किंवा घरात कोणाला पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाने कधी पुरळ, सूज किंवा दम लागला आहे का. दुसरा, सध्या आणखी कोणती औषधे चालू आहेत का. पहिल्या प्रश्नावर मी अडखळले. थोरल्याच्या अंगावर कधीतरी पुरळ आली होती, पण ती औषधाने, उन्हाने की गोवराच्या लशीनंतर, हे मला सांगता येईना, कारण ते कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. आता दोघांच्या फायलींच्या पहिल्या पानावर ही नोंद आहे.

मग त्यांनी फायलीच्या पाठीवर गणित मांडले. मी भोसरीच्या एका लहान कारखान्यात हिशोब लिहिते, त्यामुळे आकडे दिसले की माझे लक्ष आपोआप जागे होते. पेनिसिलिनच्याच जातीचे अमॉक्सिसिलिन आणि त्याच्या जोडीचे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचे एकत्र औषध द्यायचे होते. किलोमागे दिवसाला ४५ मिलीग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे १४ किलोला ६३०, ते दोन वेळांत विभागून प्रत्येकी ३१५. बाटलीवर ४५७ हा आकडा असलेल्या औषधात दर ५ मिलीला ४०० मिलीग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि ५७ मिलीग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असते. म्हणजे १ मिलीत ८० मिलीग्रॅम अमॉक्सिसिलिन. ३१५ भागिले ८०, उत्तर जवळजवळ ४ मिली. सकाळी एकदा, रात्री एकदा, सात दिवस. चौदा डोस, ५६ मिली औषध, ३० मिलीच्या दोन बाटल्या. मुलाचे वय सारखे असले तरी वजन निराळे असते, म्हणून एकाचा डोस दुसऱ्याला चालत नाही, हे वाक्य मी पूर्वी शंभरदा ऐकले असेन, पण त्या भागाकाराने ते प्रथमच डोक्यात शिरले.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलाने दोन बाटल्या कागदी पिशवीत टाकल्या, "कंटेंट सेम आहे" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी आल्यावर माझ्या सासऱ्यांनी भिंग घेऊन लेबल वाचले. ते पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झाले आहेत. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिलेली, देशात पेनिसिलिन बनवणारी ती पहिली सरकारी कंपनी. आमच्याकडे तिला नुसते 'एचए' म्हणतात. तिथे आयुष्य गेल्यामुळे असेल, पण लेबल न वाचता बाबा साधी खोकल्याची गोळीही घेत नाहीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "चिठ्ठीवर ४५७ आहे ना? मग ही २२८.५ ची का दिली?"

कंटेंट खरोखरच सेम होते, जोर अर्धा होता. त्या बाटलीत ५ मिलीला २०० मिलीग्रॅमच अमॉक्सिसिलिन असते. चिठ्ठीप्रमाणे ४ मिली देत राहिले असते तर सात दिवस पोरीच्या पोटात अर्धेच औषध गेले असते, जिवाणू मेले नसते आणि उलट त्या औषधाला सरावले असते. बाबांनी यावर आपली आवडती गोष्ट पुन्हा सांगितली. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले होते. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो, त्याने जिवाणू मरत नाहीत, शिरजोर होतात. पुढे त्यांचीच लागण बायकोला होते, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. ही गोष्ट मी पूर्वी जेवणाच्या पाटावर अनेकदा कंटाळून ऐकलेली आहे. त्या रात्री कंटाळा आला नाही.

मग ८ मिली देऊ का, असे मी डॉक्टरांना फोन करून विचारले. दोन्हींतले प्रमाण तेच असल्यामुळे हिशोबाने ते बरोबर असले, तरी चार बाटल्या लागतील आणि एवढे औषध पावणेचार वर्षांचे मूल पोटात ठेवेलच असे नाही, तेव्हा बदलूनच आणा, असे ते म्हणाले. झाकणाचे सील तोडलेले नव्हते म्हणून दुकानदाराने कुरकुरत का होईना, बदलून दिले. त्या काउंटरवरच्या मुलाचा मला राग आला, पण बाटली हातात घेऊन आकडा न पाहता पिशवीत टाकणारी मीही तिथेच उभी होते.

कोरड्या पावडरीत पाणी घालण्याचे काम दिसते तेवढे साधे नसते. फेब्रुवारीत मी एका दमात रेघेपर्यंत पाणी ओतले होते. पावडरीचा गोळा तळाला चिकटून बसला, पहिले डोस पातळ गेले आणि बाटलीच्या अर्ध्यावर घट्ट गाळ लागला. या वेळी बाबांच्या देखरेखीखाली रीतसर केले. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी केली. पाणी उकळून पूर्ण थंड केलेले घेतले, कोमटसुद्धा नाही. ते रेघेच्या बरेच खाली येईल इतपत घालून, झाकण लावून खूप हलवले. फेस बसेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबले. पातळी खाली गेलेली दिसली तेव्हा पुन्हा थोडे पाणी घालून बरोबर रेघेवर आणली आणि परत हलवले. लेबलवर तारीख आणि वेळ लिहिली. बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात मागे ठेवली, कारण दारातला खण उघडझाकीने गरम होत राहतो आणि बर्फाच्या कप्प्यात औषध गोठते. दुसरी बाटली कोरडीच कपाटात राहिली. सात दिवसांची मुदत पाणी पडल्यापासून मोजायची असते, म्हणून दोन्ही एकदम कालवायच्या नाहीत.

मापाचा प्रश्न उरला. बाटलीबरोबर प्लॅस्टिकचे टोपण मिळते. मी ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज मुद्दाम मागून आणली होती. तिच्या टोकाचे बारीक झाकण आधी केराच्या टोपलीत टाकले, कारण ते मुलाच्या घशात अडकू शकते. उत्सुकता म्हणून मी स्वयंपाकघरातले पाच चमचे पाण्याने भरून ते पाणी सिरिंजने मोजले. सर्वांत लहान चमच्यात ३ मिली भरले आणि सासूबाई ज्याला 'औषधाचा चमचा' म्हणतात, त्या जुन्या स्टीलच्या चमच्यात साडेसहा. म्हणजे 'एक चमचा औषध' या शब्दांना आमच्या घरात दुपटीहून अधिक फरकाचे दोन अर्थ होते.

पहिला डोस गुरुवारी रात्री. हे औषध जेवणाच्या सुरुवातीला दिले की पोटाला कमी बाधते आणि अंगीही नीट लागते, म्हणून वरणभाताचे दोन घास झाल्यावर दिले. सासूबाईंच्या काळी मुलाला मांडीवर आडवे पाडून, नाक दाबून, बोंडल्याने औषध ओतत. त्यात ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मी तिला मांडीवर ताठ बसवले, सिरिंजचे टोक गाल आणि हिरडी यांच्यामध्ये घातले आणि थोडे थोडे सोडत, गिळल्यावर पुढचे, असे चार टप्प्यांत दिले. थोबाड वाकडे करून झाले, पण थुंकली नाही. दुधाच्या भांड्यात मिसळून देण्याची सूचना मी मोडून काढली, कारण दूध अर्धे राहिले तर औषध किती गेले ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. 'खाऊ आहे' असे सांगण्यासही सक्त मनाई केली. औषधाला औषधच म्हणायचे, नाहीतर उद्या ती स्टूल लावून फ्रिज उघडेल.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चौदा चौकोन आखले आणि दिलेल्या डोसापुढे वेळ व देणाऱ्याचे आद्याक्षर लिहायचे ठरले. माझी कामाची गाडी साडेसातला असते आणि नवऱ्याची चाकणला पहिली पाळी होती, तेव्हा शुक्रवार आणि शनिवार सकाळचे आठचे डोस सासूबाईंकडे आले. शुक्रवारी रात्री डोस दिल्यावर पाऊण तासाने तिला उलटी झाली. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा द्यायचा, त्यानंतर झाली तर द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. घड्याळ पाहून मी थांबले. डोस विसरला तर आठवताच द्यायचा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायचा, पण दोन एकदम कधीही नाही, हेही त्याच कागदावर होते. त्याची गरज पडली नाही.

शनिवारी ताप उतरला. रविवारी जुलाब सुरू झाले, चार वेळा पातळ शी झाली. आणि रविवारी रात्रीच हिशोब चुकला.

सहा डोस झालेले होते, म्हणजे २४ मिली गेले, बाटलीत ६ उरायला हवे. सातव्या डोससाठी सिरिंज घातली तर ३ मिली आले आणि पुढे नुसती हवा. बाटलीच्या भिंतीला एखादा मिली चिकटतो हे मान्य, पण तीन नाही. मी चौकोनांकडे पाहिले. दोन ठिकाणी सासूबाईंचे अक्षर होते.

"आई, तुम्ही सकाळी किती दिलेत?"

"टोपणाने दिलं की. त्या पिचकारीवरच्या बारीक रेघा मला दिसत नाहीत गं. आणि टोपणावर चारची रेघच नाही. अडीचची आहे, नाहीतर पाचची. कमी पडायला नको म्हणून पाच दिलं."

मी टोपण दिव्याखाली धरले. चारची रेघ खरोखरच नव्हती. मोतीबिंदूचे ऑपरेशन लांबणीवर पडलेल्या बाईच्या हाती मी सूक्ष्म रेघांची सिरिंज देऊन निघून गेले होते आणि चौकोन भरलेला दिसला की समाधानी होत होते. चौकोनात वेळ होती, नाव होते, माप नव्हते. हिशोब लिहिणाऱ्या बाईने रक्कम लिहायची विसरावी, तसेच हे.

डॉक्टरांना संदेश पाठवला. दोन वेळा १ मिली जास्त गेल्याने अपाय होणार नाही, जुलाब हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे, औषध चालू ठेवा, ओआरएस आणि दहीभात द्या. शीमध्ये रक्त दिसले, लघवी कमी झाली किंवा मूल पेंगू लागले तर लगेच आणा, असे उत्तर आले. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वासाला त्रास होणे यांपैकी काही दिसले तर फोनही न करता थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी पहिल्या दिवशीच बजावले होते. तसे काही झाले नाही. दह्यावर सासूबाईंचा आक्षेप होता, औषधावर आंबट चालत नाही म्हणून. पण डॉक्टरांचा संदेश नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच ताजे दही लावले.

त्या रात्री दुसरी बाटली कालवली, जुन्यातले ३ आणि नव्यातला १ मिली मिळून सातवा डोस पुरा केला. नव्या बाटलीत २९ राहिले आणि उरलेल्या सात डोसांना २८ लागणार होते. काठावरचा हिशोब. एक थेंब सांडून चालणार नव्हता. नेलपॉलिशने सिरिंजवर चारच्या जागी लाल, जाड रेघ ओढली आणि सासूबाईंना पाण्याने तीनदा ओढून दाखवायला लावले. पुढचे सगळे सकाळचे डोस त्यांनीच दिले, तंतोतंत. चौकोनात आता 'स ४' असे लिहिलेले असे.

मंगळवारी शेजारच्या बाईंनी जिन्यात अडवून औषधाचे नाव विचारले. त्यांच्या नातवालाही ताप होता आणि नाव कळले तर दुकानातून परस्पर आणता येणार होते. खोक्यावर लाल उभी रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये हे सांगण्यासाठीच असते. २०१६ मध्ये तिच्याविषयी सरकारने मोहीमही काढली होती. पण जिन्यात उभे राहून हे सांगणे शिष्टपणाचे वाटते. मी नाव सांगितले नाही, डॉक्टरांचा वेळ सांगितला. त्यांना राग आला असावा. त्यानंतर दोन दिवस त्यांनी आमच्याकडे कढीपत्ता मागितला नाही.

गुरुवारी सकाळी चौदावा डोस झाला. बाटलीत उरला तो जेमतेम तळ झाकण्याइतका थेंबभर. तो आणि फेब्रुवारीतली ती साका बसलेली बाटली, दोन्हींतले औषध मी चहाच्या चोथ्यात कालवले, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळे बांधून कचऱ्याच्या गाडीत दिले. मोरीत ओतले नाही.

शुक्रवारी कान दाखवायला नेले. सासूबाईही बरोबर आल्या. पडद्याची लाली गेली होती, पण आत अजून थोडे पाणी होते. ते काही आठवडे राहू शकते, कधी तीन महिनेही लागतात आणि बहुधा आपोआप जाते. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, मधल्या काळात हाक मारल्यावर ऐकत नाही असे वाटले तर लवकर या, असे डॉक्टर म्हणाले. नवी चिठ्ठी लिहिली नाही. रिक्षात बसल्यावर सासूबाईंनी फाईल उघडून कोरे पान दोनदा उलटून पाहिले.

"पाणी आहे म्हणाले, आणि औषध काहीच नाही दिलं?"

"नाही दिलं, आई."

"एवढंसं तरी द्यायचं," असे म्हणून त्यांनी फाईल मिटली आणि धाकटीच्या उजव्या कानावरून पदर ओढून घेतला.